विमानातून आगळ

आमच्याकडे कुणी प्रवासाला निघालं, की माणसांच्या आधी सामान पडवीत येऊन बसतं. उकड्या तांदळाची पिशवी, कुळथाचं पीठ, आमसुलं, काजू, फणसपोळी आणि या सगळ्यांच्या मधोमध आगळाच्या बाटल्या. आजवर हा सगळा संसार एस.टी.च्या टपावरून नाहीतर कोकण रेल्वेच्या बाकाखालून सुखरूप गेला. गाडीत बाटली जरा पाझरली तरी आपण जवळच बसलेलो असतो. पायाला ओलं लागलं की वाकून बघावं, बूच आवळावं आणि पुन्हा शेंगा खात बसावं. विमानाचं तसं नाही. तिथं सामान आपल्यापासून तोडून घेतात, आणि पोटात कुठं ठेवतात, उभं ठेवतात की उलटं, ते आपल्याला दिसतसुद्धा नाही.

तर गेल्या मे महिन्यात आम्ही पहिल्यांदाच विमानाने जायचं ठरवलं. मोपाचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला आणि सावंतवाडीच्या आमच्या घरापासून दिल्ली एकदम जवळ आली. नाहीतर दिल्ली म्हणजे दीड दिवसाची गाडी. ह्यांनी फेब्रुवारीतच तिकिटं काढून ठेवली. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते, म्हणजे सुटीत पगार नाही, पण सुटी मात्र पुरेपूर. लेक पाचवीत. चार दिवस दिल्ली, मग मसुरी, असा बेत होता. दिल्लीत उतरायचं ते वन्संकडे.

वन्संची गोष्ट इथं थोडी सांगायला हवी. ह्यांची ही धाकटी बहीण नोकरीसाठी दिल्लीला गेली आणि २०१८ साली तिथंच तिनं आपल्या पसंतीच्या मुलाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मुलगा बंगाली. चांगला शिकलेला, चांगल्या नोकरीतला, पण कधीमधी पेला हातात घेणारा, आणि ते त्यानं लपवलंही नाही. मामंजी माळकरी. त्यांनी आरडाओरडा केला नाही, ये म्हणाले नाहीत की येऊ नको म्हणाले नाहीत. फक्त बोलणं थांबवलं. घरचा फोन वाजला आणि पलीकडे लेक आहे असं कळलं, की "घे गो" म्हणून सासूबाईंच्या हातात द्यायचा आणि आपण परड्यात निघून जायचं. अशी सहा वर्षं गेली. सासूबाई लेकीशी बोलायच्या, पण तेही विहिरीवर जाऊन, हळू आवाजात, जसं काही आपणच काही चोरून करतोय.

आम्ही वन्संकडे उतरणार हे मामंजींना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्र वाचत होते. पान उलटलं, एवढंच.

सासूबाईंनी मात्र त्याच दिवसापासून रातांब्यांवर डोळा ठेवला. यंदा झाड लवकर लागलं होतं. पिकलेली लालबुंद फळं काढायची, फोडायची, बिया आणि गर वेगळा करायचा आणि त्याला भरपूर मीठ लावून ठेवायचं. दोन-तीन दिवसांत जो गडद रस सुटतो तो आगळ. सोलं वेगळी वाळवायची, तीही पुन्हापुन्हा रसात बुडवून, तेव्हा कुठं त्यांना आमसुलाचा रंग चढतो. बियांचं कोकमतेल निघतं, ते पायाच्या भेगांना. म्हणजे या फळाचं टाकाऊ असं काही नाहीच. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं असं आमच्या शाळेच्या फलकावर लिहिलं होतं. सासूबाईंना ते वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "आता कळला काय तेंका?"

दुसरं अमृतकोकम. त्याला मीठ नाही, साखर. सोलांच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवायची. आठवड्याभरात साखर विरघळून पाक तयार होतो. सासूबाई साखर घालताना हात आखडत नाहीत. मला मात्र अलीकडे साखर दिसली की धडकी भरते. तेव्हा मी त्यांच्या नकळत एक छोटी बरणी माझ्या पद्धतीने घातली होती, साखर जवळजवळ निम्मी. वन्संना दाखवायचं होतं, की बघा, हेही छान लागतं. ही बरणी लक्षात ठेवा.

ठरलं असं, की आगळाच्या दोन बाटल्या आणि अमृतकोकमाची एक, प्रत्येकी एक लिटरची. तयार सोलकढी न्यायचा विचारसुद्धा करू नये, हे मी नव्या मुलींना मुद्दाम सांगते. नारळाचं दूध घातलं की ती त्याच दिवसाची. न्यायचं ते आगळ. नारळ कुठंही मिळतो.

आता प्रश्न विमानाचा. पातळ पदार्थ हातातल्या पिशवीत घेऊ नका, अडवतील, असं शेजारच्या भावजींनी बजावलं होतं. ते मस्कतला जाऊन-येऊन असतात. त्यांच्या तोंडून मी एक नवलच ऐकलं. परदेशच्या प्रवासात हातातल्या सामानात बहुतेक ठिकाणी १०० मिलीहून मोठी बाटली चालत नाही, त्याचं मूळ म्हणे पेयांच्या बाटल्यांतच आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमानं उडवायचा कट पकडला गेला. सरबताच्या साध्या बाटल्यांत द्रवरूप स्फोटकं भरून न्यायचा त्यांचा डाव होता. तेव्हापासून जगभरच्या आयाबायांच्या बाटल्या संशयित झाल्या! आपण देशातल्या देशात जाणार असलो तरी मोठ्या बाटल्या सरळ मोठ्या बॅगेत घालाव्यात, काउंटरवर देऊन टाकाव्यात, हे उत्तम.

पण मोठ्या बॅगेत फुटल्या तर? शाळेत विज्ञानाच्या बाई माझ्या शेजारीच बसतात. त्यांना विचारलं. त्यांनी फळ्यावर बाटली काढून समजावलं, जणू मी सातवीत आहे. विमानाच्या पोटातही, माणसं बसतात तिथल्यासारखाच, हवेचा दाब राखलेला असतो. पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा. "म्हणजे तुमच्या मसुरीवर असते ना, साधारण तशी हवा," बाई म्हणाल्या. बाटलीत आपण बूच लावताना जी हवा कोंडली, ती तिथं फुगते, चौथ्या-तिसऱ्या हिश्शानं वाढते. बाटली आडवी असली तर ही फुगलेली हवा आतल्या रसाला ढकलते आणि रस बुचाच्या आट्यांतून वाट काढतो. म्हणून बाटली प्लास्टिकची घ्यावी, गळ्यापर्यंत भरू नये, आणि बूच लावायच्या आधी बाटलीचं पोट दोन्ही बाजूंनी दाबून आतली हवा घालवावी. चेपलेल्या अवस्थेतच बूच आवळावं. मग वर हवा फुगली तरी बाटली फक्त आपला मूळ आकार घेते. मला हे इतकं पटलं की घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. मामंजी ऐकत होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी पडवीत चिकटपट्टी घेऊन बसले. बुचाला पट्टी गुंडाळत होते तेवढ्यात मामंजी येऊन उभे राहिले. त्यांची सगळी नोकरी टपाल खात्यात गेली, निवृत्त झाले ते पोस्टमास्तर म्हणून. थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पार्सल असा करतत?"

माझ्या हातातली बाटली त्यांनी काढून घेतली. पट्टी सोलून टाकली. आत गेले आणि दाभण, सुतळी, मेणबत्ती, मांजरपाटाचा जुना तुकडा आणि प्लास्टिकचे कागद घेऊन आले. पुढचा दीड तास मी फक्त हाताखाली होते. आधी त्यांनी प्रत्येक बाटलीचा गळा आणि बुचाच्या आट्या कोरड्या फडक्यानं पुसून घेतल्या; तिथं चिकट राहिलं तर बूच नीट बसतच नाही. मग विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं तशी बाटली चेपून बूच आवळलं. बूच आणि गळा यांच्या फटीवर मेणबत्तीचं मेण सगळीकडून ठिबकवलं. मेण गार झाल्यावर वर प्लास्टिकचा कागद, त्याला सुतळी. मग एकेक बाटली वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीला गाठ, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत उलटी. "पेटी उलटी पडतली असा धरूनच बांधूक व्हया," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमी काय कमी फेकलंव?" आणि चक्क हसले. त्यांना हसताना पाहून लेक अभ्यास सोडून आली.

एवढ्यावर भागलं नाही. तिन्ही बाटल्या त्यांनी वर्तमानपत्रावर बुचाच्या बाजूनं उलट्या करून भिंतीला टेकवून ठेवल्या, रात्रभर. सकाळी कागदावर डाग दिसला तर सगळं पुन्हा, म्हणाले. (हे मात्र मी आता नेहमी करते. काही न्यायचं असो, आदली रात्र बाटली उलटी ठेवावी. जी पाझरायची ती घरीच पाझरते.)

मग त्यांनी चष्मा लावला आणि चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. एका कागदाचे तीन तुकडे, टपालातल्या माणसाचं वळणदार, मोठं अक्षर. अमृतकोकमावर 'अमृतकोकम. एकास चार पाणी.' आगळावर 'आगळ. मीठ घातलेले आहे. कढीत वेगळे मीठ घालू नये.' चिठ्ठ्यांवर चिकटपट्टी लावून त्या बाटल्यांना डकवल्या. पत्ता लिहायची सवय इतकी, की कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली मजकूर आणि डावीकडे जागा मोकळी. पाठवणाऱ्याचं नाव तिथं येतं. तिथं त्यांनी काही लिहिलं नाही.

माझी निम्म्या साखरेची बाटली त्यांच्यासमोर काढायचा मला धीर झाला नाही. ती मी रात्री सगळे निजल्यावर भरली, पाण्याच्या एका जुन्या पातळ बाटलीत, चांगली गळ्यापर्यंत, आणि दोन पिशव्यांत घालून ह्यांच्या सदऱ्यांच्या घडीत खुपसली.

आणखी एक गोष्ट होती, ती आम्ही दोघांनी कुणालाच सांगितली नव्हती. वन्संच्या यजमानांनी ह्यांना फोनवर थट्टेत म्हटलं होतं, की दादा, गोव्यावरून येताय तर काजूची फेणी तरी आणा. माणूस सहा वर्षांत पहिल्यांदा काही मागत होता. ह्यांनी मला विचारलं, आणावी का? मी म्हटलं, आणावी. पण घरात नको.

तशीही ती घरात आणता आली नसती. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बाळगता येत नाही, हे आम्ही सीमेवर राहणारे लोक चांगलं ओळखून आहोत. मात्र आमचं घर महाराष्ट्रात आणि विमानतळ गोव्यात. तेव्हा पत्रादेवीचा नाका ओलांडल्यावर गोव्याच्या हद्दीतच दुकानातून घ्यायची आणि तशीच पुढं जायचं, असा ह्यांचा बेत. विमानाचे नियमही ह्यांनी वाचून काढले. चोवीस ते सत्तर टक्के मद्यार्काची पेयं मोठ्या बॅगेतून माणशी पाच लिटरपर्यंत नेता येतात, पण ती दुकानातून घेतलेल्या मूळ, सीलबंद बाटलीत हवीत. चोवीसच्या आतल्याला ही मर्यादा नाही, आणि सत्तरच्या वर असेल तर मुळीच नेता येत नाही. फेणी साधारण बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, तेव्हा ती मधल्या नियमात बसते. पावती जवळ ठेवायची. आणि आपण जिथं उतरणार त्या राज्यात किती चालते तेही आधी बघायचं, कारण विमान कंपनीनं जाऊ दिलं म्हणजे सगळीकडे चाललं असं होत नाही. आपल्या शेजारच्या गुजरातचंच बघा. एका बाटलीपुरतं आम्ही सगळं नीट करून घेतलं. मी घरात कधी दारूची बाटली पाहिलेली बाई, आणि रात्री अकरा वाजता नवऱ्याशी मद्यार्काच्या टक्क्यांवर कुजबुजतेय!

पहाटे बॅगा भरताना सासूबाई आल्या. हातात त्यांच्या जुन्या लुगड्याचे तुकडे, धुऊन धुऊन मऊ झालेले. बाटल्या गुंडाळायला. मी मोजले तर चार. मला वाटलं, माझी चोरटी बाटली त्यांनी पाहिली. "तीनच बाटल्या आहेत की, आई."

"तुमी वाटेर एक घेशात, तिका लागतला," त्या म्हणाल्या आणि चौथा तुकडा माझ्या खांद्यावर टाकून चहा ठेवायला गेल्या.

आमची भिंत किती पातळ आहे ते मला लग्नाला बारा वर्षं झाल्यावर कळलं.

रिक्षा आली. मामंजी पायरीवर उभे होते. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, ह्यांना नमस्कार करू दिला, आणि मी वाकले तेव्हा इकडं तिकडं बघत म्हणाले, "काचेची असली तर मधी ठेव. कडेक नको." रिक्षा बांद्याच्या पुढं गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी बांधलेल्या सगळ्या बाटल्या प्लास्टिकच्या होत्या.

मोपाला वजनाच्या काट्यावर आमची फजिती झाली. आमच्या तिकिटावर माणशी पंधरा किलो, म्हणजे तिघांचे पंचेचाळीस. घरी मी वाण्याच्या काट्यावर पिशव्या मोजल्या होत्या, पण बाटल्या हिशेबानं धरल्या होत्या, लिटरला किलो. पाण्याचा हिशेब. साखरेचा पाक पाण्याहून किती जड असतो हे रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळू नये? दाट पाक लिटरला सव्वा किलोच्या वर भरतो, आणि खारट आगळही पाण्याहून जडच. त्यात फेणीची काचेची बाटली, त्यात शेवटच्या क्षणी शेजारणीनं दिलेले आंबे. काटा अठ्ठेचाळीस दाखवत होता. मागं रांग. काउंटरवरच्या मुलीनं सौम्यपणे जादा वजनाचे पैसे सांगितले आणि ह्यांचा चेहरा पडला.

काय काढायचं? तांदूळ काढावेत तर ठेवायचे कुठं? शेवटी मसुरीसाठी घेतलेले स्वेटर, शाली, ह्यांचं जाडजूड जाकीट, सगळं बाहेर काढलं आणि तिघांनी अंगावर चढवलं. मे महिन्यातल्या दुपारी, मोपाच्या सड्यावर, आम्ही तिघं लोकरीत गुंडाळलेले! लेक लाजेनं माझ्या मागं लपली. पण काटा पंचेचाळीसवर आला. बॅग पट्ट्यावरून आत गेली, रबरी पडद्याआड नाहीशी झाली, आणि माझ्या पोटात कालवलं. लेकीला पहिल्या दिवशी शाळेत सोडताना झालं होतं, तसंच.

अडीच तासांच्या प्रवासात खिडकीतून काय दिसलं ते लेकीला विचारा. मी सगळा वेळ मसुरीची हवा बाटलीत कशी फुगत असेल त्याचाच विचार करत होते.

दिल्लीला बॅग आली तेव्हा वरून कोरडी होती. घरी जाऊन वन्संच्या समोर उघडली आणि वास आला. गोड, आंबूस. ह्यांचे तीन सदरे, त्यातला एक पांढरा, आणि माझी मसुरीला नेसायची म्हणून घेतलेली रेशमी साडी, सगळं गुलाबी. माझी बाटली. निम्म्या साखरेचं अमृतकोकम दोन दिवसांच्या उन्हाळ्यात आंबून फसफसलं होतं. साखर पुरेशी असती तर आंबलंच नसतं. सासूबाई हात आखडत नाहीत त्याला कारण असतं. वर ती पातळ बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, न चेपलेली. एवढे सगळे गुन्हे एकाच बाटलीत. पिशव्यांना मी उलट्या गाठी मारल्या नव्हत्या, त्यामुळे दोन्हींतून वाट काढत रस बाहेर आला होता.

घाईनं मी पांढऱ्या सदऱ्याला साबण लावला आणि डाग निळसर करडा झाला! कोकमाच्या डागाला आधी साबण लावू नये, बायांनो. गार पाण्याखाली धरून जितका जाईल तितका जाऊ द्यावा, लिंबू चोळावं, मग धुवावं. सदरा वाचला. साडी आता उशांच्या अभ्र्यांत आहे.

बाकीच्या तिन्ही बाटल्या लुगड्याच्या तुकड्यांत होत्या तशा होत्या, टिपूससुद्धा नाही. मेण जिथल्या तिथं. फेणीही मधोमध सुखरूप. ती वन्संच्या यजमानांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी बाटलीपेक्षा तो लुगड्याचा तुकडाच जास्त वेळ न्याहाळला आणि वन्संना बंगालीत काहीतरी विचारलं. वन्संनी उत्तर दिलं नाही. त्या आगळाची बाटली घेऊन खिडकीशी उभ्या होत्या.

"वहिनी, हे बाबांचं अक्षर ना?"

मी हो म्हटलं. बांधलंही त्यांनीच, म्हटलं. आणखी काही सांगण्यासारखं माझ्याकडं होतं, पण त्या ऐकत नव्हत्या. बाटलीवरची चिकटपट्टी त्या नखानं, अगदी कडेकडेनं सोडवत होत्या, कागद फाटू नये म्हणून. तिन्ही चिठ्ठ्या काढल्या आणि आत घेऊन गेल्या. कपाटाचं दार उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी वन्सं आणि मी लेकीला घेऊन बाजारात गेलो होतो. घरी पाहुणे आलेत तर आपण काही करावं, म्हणून यजमानांनी सोलकढी करायला घेतली. नारळाचं दूध काढलं, आगळ घातलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, सगळं फोनवर बघून अगदी रीतसर. आणि सवयीनं दोन चमचे मीठ. बाटलीवर आता चिठ्ठी नव्हती, त्यांना कोण सांगणार? जेवताना पहिला घोट घेतला आणि आम्ही सगळे एकमेकांकडं बघत राहिलो. समुद्रात बुडी मारून आल्यासारखं झालं. लेक तर पळालीच. यजमान बिचारे कावरेबावरे. "ये ऐसा ही होता है क्या?" त्यांनी विचारलं, आणि वन्सं हसायला लागल्या त्या थांबेचनात. हसता हसता डोळे पुसले आणि तशाच उठून त्यांनी घरी फोन लावला. दुपारची वेळ, सासूबाई निजलेल्या असतात. फोन मामंजींनी घेतला.

एरवी याच क्षणी ते "घे गो" म्हणतात. वन्संनी त्यांना ते म्हणूच दिलं नाही. "बाबा," त्या म्हणाल्या, "कढी खारट झाली."

पलीकडं शांतता. आम्ही सगळे जेवणाच्या टेबलाशी, हात वाळत चाललेले. मग मामंजींचा आवाज आला, पोस्टाच्या खिडकीतून यायचा तसा, खणखणीत. "चिठ्ठी लावलेली, ती खंय गेली?"

वन्संना बोलता येईना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. यजमान त्यांच्या मागं. मी कानाला लावला. मामंजी अजून तिथंच होते, परड्यात गेले नव्हते.

"बाटली खंयची पाझराक नाय मा?" त्यांनी विचारलं.

"तुमची एकही नाही, मामंजी," मी म्हटलं.